मोटन हायस्कूल : कुलूप लावलेल्या शाळेचा इतिहास

राजांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. शाळांचे मात्र फार थोडे. एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तिच्यात अध्यक्षांचे छायाचित्र असते, मंत्र्यांचा शुभसंदेश असतो, देणगीदारांची यादी असते. पण ती शाळा कोणाच्या हट्टामुळे उभी राहिली, तिच्या बाकांवर कोण बसले, कोणाला बसू दिले गेले नाही आणि ती बंद पडली तेव्हा मुलांचे काय झाले, हे त्या पानांत सहसा सापडत नाही. तालीम हा आमच्या समाजात दीडशे वर्षे चघळला गेलेला विषय. सभा-संमेलनांत त्यावर ठराव होतात, भाषणे होतात. तरीही आमच्या मोहल्ल्यातल्या शाळांचा इतिहास आम्हीच लिहिलेला नाही. दुसऱ्या एका समाजाने आपल्या शाळेचा इतिहास कसा जपला, हे पाहावे म्हणून या लेखात आम्ही अमेरिकेतल्या एका छोट्या गावातील हायस्कूलची हकीकत सांगणार आहोत.

विषय दूरचा वाटेल, पण नाते जुने आहे. १८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या काळ्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही.

शाळा कशी उभी राहिली

व्हर्जिनिया राज्यात रिचमंड या राजधानीपासून शंभरेक किलोमीटरवर फार्मव्हिल नावाचे गाव आहे. प्रिन्स एडवर्ड काउंटीचे ते मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा, पण आकाराने तालुक्याएवढा विभाग. शाळा चालवणे आणि त्यासाठी कर बसवणे हे काउंटीच्या हाती असते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे त्यावरच घडले. हा प्रदेश तंबाखूच्या शेतीचा. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली माघार घेत याच फार्मव्हिलमधून गेला आणि दोन दिवसांनी जवळच्याच ॲपोमॅटॉक्स येथे शरण आला.

गुलामगिरी गेली, पण भेद राहिला. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात निर्णय दिला, की गोऱ्या-काळ्यांच्या सोयी वेगवेगळ्या ठेवल्या तरी चालतील, फक्त त्या समान असाव्यात. प्रत्यक्षात ‘वेगवेगळ्या’ हा शब्द कडकपणे पाळला गेला आणि ‘समान’ हा शब्द कागदावर राहिला. फार्मव्हिलच्या काळ्या मुलांना हायस्कूल मिळायला १९३९ साल उजाडावे लागले.

तेही सहज मिळाले नाही. मार्था फॉरेस्टर नावाच्या निवृत्त शिक्षिकेने १९२० साली गावातील काळ्या स्त्रियांची एक परिषद स्थापन केली. काळ्या मुलांच्या शाळा वर्षातून जास्त महिने चालाव्यात आणि त्यांना वरचे वर्ग मिळावेत म्हणून या बायका वर्षानुवर्षे शाळा मंडळाचे उंबरठे झिजवत राहिल्या. हातात सत्ता नव्हती, मताला किंमत नव्हती. चिकाटी तेवढी होती. अखेर गावाच्या मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर विटांची एकमजली इमारत उभी राहिली. तिला नाव दिले रॉबर्ट रुसा मोटन यांचे. मोटन याच काउंटीत वाढले आणि पुढे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी या प्रसिद्ध संस्थेचे प्रमुख झाले.

इमारत १८० विद्यार्थ्यांसाठी बांधली होती. मध्ये सभागृह, भोवती वर्गखोल्या. जेवणाची खोली नव्हती, व्यायामशाळा नव्हती, प्रयोगशाळेची साधने नव्हती. गावातल्या गोऱ्या मुलांच्या हायस्कूलात हे सगळे होते. १९५० च्या सुमारास मोटनमधील मुलांची संख्या साडेचारशेच्या वर गेली. एकाच सभागृहात एका वेळी दोन-तीन वर्ग भरू लागले. उभ्या असलेल्या शाळेच्या बसमध्येही वर्ग घेतले गेले. पालकांनी नवीन इमारत मागितली तेव्हा मंडळाने आवारात लाकडी खोपटी उभारली आणि त्यांवर डांबरी कागद ठोकला. पावसात ती गळत. थंडीत एकच शेगडी असे. तिच्याजवळ बसलेली मुले भाजून निघत आणि दूरची मुले कोट घालून कुडकुडत. लांबून पाहणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटत, असे लोक म्हणत.

२३ एप्रिल १९५१

या शाळेत बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी शिकत होती. घर शेतकऱ्याचे. धाकट्या भावंडांना तयार करून शाळेत धाडण्याची जबाबदारी तिच्यावर असे. तिचे काका रेव्हरंड व्हर्नन जॉन्स अलाबामातील माँटगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. पुढे त्याच जागी मार्टिन ल्युथर किंग आले. काका परखड बोलणारे आणि त्यांच्या घरी पुस्तके भरपूर. बार्बरा ती वाचत असे.

तिने आपल्या संगीत शिक्षिका इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याजवळ शाळेच्या हालांची तक्रार केली. बाईंनी एवढेच विचारले, की मग तू काही करत का नाहीस? तो प्रश्न मुलीच्या मनात घर करून राहिला. एके सकाळी भावंडांच्या गडबडीत तिची बस चुकली. रस्त्याच्या कडेला ती उभी असताना गोऱ्या मुलांची बस समोरून गेली. तिच्यात निम्म्या जागा रिकाम्या होत्या. तिने त्या दिवशी मनाशी ठरवले आणि काही निवडक विद्यार्थ्यांना विश्वासात घेऊन महिनोन् महिने गुप्त बैठका केल्या. कॅरी स्टोक्स ही विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष आणि तिचा भाऊ जॉन स्टोक्स हे त्यांत होते. आईवडिलांनाही सुगावा लागू दिला नाही.

२३ एप्रिल १९५१ च्या सकाळी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला, की तुमची काही मुले बसस्थानकावर पोलिसांच्या तावडीत सापडली आहेत. फोन मुलांनीच केला होता. मुख्याध्यापक धावत गेले. इकडे त्यांच्या सहीच्या बनावट चिठ्ठ्या वर्गावर्गात पोहोचल्या : सर्वांनी सभागृहात जमावे. पडदा सरकला तेव्हा मंचावर मुख्याध्यापक नव्हते, बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली. पायातला बूट काढून आपटला आणि सभेला शांत केले. मग ती सर्वांना माहीत असलेलीच गोष्ट बोलली, की ही खोपटी आपण आता सहन करायची नाहीत. साडेचारशे मुले शाळेबाहेर पडली. फलक आधीच रंगवून ठेवलेले होते.

मुख्याध्यापकांना मुलांनी मुद्दाम दूर ठेवले होते, कारण नोकरी जाईल ती त्यांची, हे त्यांना ठाऊक होते. एवढे करूनही ती गेलीच. त्या वर्षानंतर बॉइड जोन्स यांना पुन्हा नेमले गेले नाही.

मागणी बदलली

आमच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग इथून सुरू होतो. मुलांची मागणी साधी होती : आम्हाला नवीन शाळा द्या, गोऱ्यांच्या शाळेसारखी. त्यांनी मदतीसाठी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या वकिलांना पत्र पाठवले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोन वकील दोनच दिवसांनी फार्मव्हिलला आले. गावातील फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये, रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या पुढाकाराने, मुलांची भेट झाली. वकिलांनी सांगितले, की वेगळ्या पण चांगल्या इमारतीसाठी आम्ही आता भांडत नाही. वेगळेपणाच मोडायचा असेल आणि तुमचे आईबाप तुमच्या पाठीशी उभे राहणार असतील, तरच खटला चालवू.

हा प्रश्न सोपा नव्हता. आपली शाळा म्हणजे आपले शिक्षक, आपली भाषा-बोली, आपल्या मुलांकडे मायेने पाहणारे डोळे. ती सोडून परक्यांच्या बाकावर बसणे म्हणजे अपमानाला तोंड देणे. शिवाय जमीन गोऱ्या मालकाची, कर्ज गोऱ्या पेढीचे, नोकरी गोऱ्याच्या घरची. काही वडीलधाऱ्यांनी विरोध केला. ३ मे रोजी त्याच चर्चमध्ये मोठी सभा झाली, वादावादी झाली आणि शेवटी लोक मुलांच्या बाजूने उभे राहिले. ७ मे रोजी मुले वर्गात परतली. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने खटला दाखल झाला. यादीत पहिले नाव चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिसचे होते, म्हणून तो ‘डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटी शाळा मंडळ’ या नावाने ओळखला जातो. बार्बराच्या जिवाची काळजी वाटून घरच्यांनी तिला काकांकडे माँटगोमेरीला पाठवले.

मार्च १९५२ मध्ये तीन न्यायाधीशांनी खटला फेटाळला. वेगळेपणा ही व्हर्जिनियाची रीत आहे, तिच्यात गैर काही नाही, इमारती तेवढ्या सारख्या करा, असा त्यांचा कल होता. काउंटीने मग घाईने पैसा उभा केला आणि १९५३ साली नवे मोटन हायस्कूल बांधले. प्रयोगशाळा, व्यायामशाळा, उपाहारगृह, सगळे होते. मुलांनी संपात जे मागितले होते ते मिळाले. खटला मात्र मागे घेतला गेला नाही. तो सर्वोच्च न्यायालयात इतर चार खटल्यांबरोबर जोडला गेला आणि १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ’ हा ऐतिहासिक निकाल लागला : सरकारी शाळांत वेगळेपणा हीच विषमता आहे. या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला खटला हा एकच.

पाच वर्षे कुलूप

निकाल लागला म्हणजे न्याय मिळाला, असे समजणाऱ्यांनी पुढचा भाग वाचावा. १९५५ साली न्यायालयाने अंमलबजावणी ‘शक्य तितक्या लवकर’ करावी असे मोघम सांगितले आणि मुदत घातली नाही. त्या मोघमपणाचा फायदा व्हर्जिनियाने पुरेपूर घेतला. सिनेटर हॅरी बर्ड यांच्या नेतृत्वाखाली राज्याने निकालाला सर्व बाजूंनी विरोध करण्याचे धोरण जाहीर केले. १९५८ साली राज्यातील काही ठिकाणच्या शाळा बंदही केल्या गेल्या, पण जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयांनी ते बेकायदा ठरवले.

प्रिन्स एडवर्ड काउंटीने याहून पुढची युक्ती काढली. सप्टेंबर १९५९ पासून मुलांना एकत्र बसवा, असा आदेश येताच काउंटीच्या कारभाऱ्यांनी जून महिन्यात ठरवले, की शाळांसाठी करच बसवायचा नाही. पैसा नाही तर शाळा नाही आणि शाळा नाही तर एकत्र बसण्याचा प्रश्नच नाही. सर्व सरकारी शाळांना कुलपे लागली. सहा वर्षांपूर्वी बांधलेले नवे मोटन हायस्कूल ओस पडले.

गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी नावाची खासगी शाळा तयार ठेवलेली होती. आधी ती चर्चच्या खोल्यांतून आणि दुकानांवरच्या जागांतून भरली. फीसाठी पालकांना सरकारी मदत आणि करसवलत मिळाली. ती मदत न्यायालयाने पुढे थांबवली, तेव्हा फी न परवडणारी काही गरीब गोरी मुलेही घरी बसली. गोऱ्यांमध्ये याला विरोध करणारे अगदीच नव्हते असे नाही. गावातील लाँगवूड कॉलेजचे इतिहासाचे प्राध्यापक गॉर्डन मॉस उघडपणे या बंदीविरुद्ध बोलले आणि त्यासाठी त्यांनी आपल्याच लोकांचा बहिष्कार सोसला.

काळ्या समाजालाही खासगी शाळा काढून देण्याची तयारी दाखवण्यात आली. त्यांनी ती नाकारली. ती स्वीकारली असती तर वेगळेपणावर स्वतःच्या हाताने शिक्का मारल्यासारखे झाले असते. पण नाही म्हणण्याची किंमत जबर होती. सतराशेच्या आसपास काळी मुले शाळेविना राहिली. चर्चच्या तळघरांत बायकांनी वर्ग चालवले. त्यांना शाळा म्हणायचे नाही, असे ठरले होते, कारण शाळा देणे हे सरकारचे काम आहे ही भूमिका सोडायची नव्हती. साठेक मोठी मुले उत्तर कॅरोलायनातील किट्रेल कॉलेजात गेली. क्वेकर पंथाच्या संस्थेने काहींना इतर राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवून शिकवले. काही आईबापांनी काउंटीबाहेर नातेवाइकांकडे मुले धाडली आणि एका घराची दोन-तीन घरे झाली. ज्यांना यांपैकी काहीच जमले नाही ती मुले तंबाखूच्या शेतात गेली. सहा वर्षांचे मूल अकराचे झाले आणि त्याने अक्षर पाहिले नव्हते. पंधराचा मुलगा विशीत आला आणि पुन्हा बाकावर बसला नाही.

१९६३ साली केनेडी सरकारच्या पाठिंब्याने आणि देणग्यांच्या बळावर एक वर्षासाठी ‘फ्री स्कूल’ सुरू झाली. सुमारे पंधराशे मुले आली. पेन्सिल कशी धरायची हे माहीत नसलेली मोठी मुले तिथे होती. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रिफिन विरुद्ध शाळा मंडळ’ या खटल्यात काउंटीला शाळा उघडण्यासाठी कर बसवायला लावता येईल, असा निकाल दिला. ग्रिफिन म्हणजे तेच धर्मोपदेशक; त्यांची मुले फिर्यादी होती. सप्टेंबर १९६४ मध्ये शाळा उघडल्या. गोरी मुले आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची अकॅडमीत राहिली आणि त्या अकॅडमीने काळ्या मुलांना दार उघडले ते १९८० च्या दशकात.

इमारतीचे पुढे काय झाले

जुनी मोटन इमारत मधल्या काळात प्राथमिक शाळा झाली होती. १९९० च्या दशकात तीही बंद झाली आणि जागा विकण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा पुढे आली ती मार्था फॉरेस्टर यांच्या नावाने चालणारी स्त्रियांची तीच परिषद. ज्यांच्या आज्यांनी ही शाळा मागून आणली होती त्यांनी ती पैसे गोळा करून वाचवली. १९९८ साली इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि २३ एप्रिल २००१ रोजी, संपाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तिथे संग्रहालय सुरू झाले.

२००३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या काळात शिक्षण हुकलेल्यांना सन्मानाची प्रमाणपत्रे दिली गेली. २००४ साली त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती निघाली आणि साठीच्या घरातील माणसे पुन्हा पुस्तके घेऊन बसली. बार्बरा जॉन्सने हे पाहिले नाही. ती फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली, संसार केला, पाच मुले वाढवली आणि १९९१ साली वारली. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने सेनापती लीचा पुतळा होता. तो डिसेंबर २०२० मध्ये हलवला गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी बार्बराचा पुतळा बसला. हातात फाटके पुस्तक उंच धरलेली शाळकरी मुलगी, असा तो पुतळा आहे.

आमच्यासाठी

या हकिकतीचा अर्थ लावताना गोऱ्यांच्या दुष्टपणावर थांबणे सोपे आहे. आम्हाला त्या काउंटीच्या कारभाऱ्यांचे एक वर्तन अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या मुलांची सोय दुसरीकडे झाली, की सर्वांची शाळा बंद करायला त्यांना काहीच जड गेले नाही. ज्यांच्या हाती कर आणि कायदा असतो त्यांची मुले ज्या शाळेत नसतात, ती शाळा केव्हाही बुडू शकते. आपल्याकडच्या नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा पाहा. नगरसेवकाचे मूल तिथे नाही, अधिकाऱ्याचे नाही, बहुतेक ठिकाणी तिथल्या शिक्षकाचेही नाही. तिथे उरतात ती मजुरांची, फेरीवाल्यांची, कारागिरांची मुले. त्यांत आमची मुले किती, हे मोहल्ल्यातल्या कोणत्याही शाळेच्या पटावर दिसेल. मुस्लिम मुले मदरशातच शिकतात, हा गैरसमज सच्चर समितीने २००६ साली आकडे देऊन खोडून काढला. शाळेत जाण्याच्या वयातील तीन-चार टक्केच मुले मदरशात होती. बाकीच्यांचे भवितव्य सर्वसाधारण शाळेवरच, आणि गरिबांचे सरकारी शाळेवर अवलंबून आहे. तिचा पट कमी झाला, शिक्षक गेले, इमारत गळू लागली, तर कुलूप न लावताही ती बंद पडते.

अशा वेळी समाजातील सुखवस्तू माणसे आपली वेगळी, फी घेणारी, इंग्रजी शाळा काढून मोकळी होतात. ती काढू नये असे आम्ही म्हणत नाही. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली नसती तर मुंबईत कित्येक पिढ्या शिक्षणाविना राहिल्या असत्या. आपल्या संस्था हव्यात. पण मोटनच्या पालकांनी एक भेद ओळखला होता. संस्था काढणे ही समाजाची हौस किंवा गरज असू शकते. शाळा मिळणे हा मुलाचा हक्क आहे, आणि संस्था मिळाली म्हणून हक्क सोडायचा नसतो. चर्चच्या तळघरात मुलांना अक्षरे शिकवतानाही त्यांनी सरकारी शाळेवरचा दावा पाच वर्षे सोडला नाही.

शाळेचे जुने हजेरीपट, दाखल्यांची वही, शिक्षकांची यादी, वर्गाची छायाचित्रे ही आज अनेक मोहल्ल्यांत कपाटाच्या तळाशी वाळवी खात पडलेली आहेत. मोटनच्या स्त्रियांनी रिकामी इमारत जपली म्हणून साडेचारशे मुलांचा संप आज सांगता येतो. आपल्या गावातील शाळा अजून चालू असेल तर तिचा पट कसा वाढेल हे पाहावे. बंद झाली असेल तर तिच्यात शिकलेली वयस्क माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून तिची हकीकत लिहून घ्यावी. पुढच्या वार्षिक अंकांत अशा हकिकती वाचायला आम्हाला आवडतील.